आधी भरतीच्या वेळा बघ गं!

लिंडिसफार्नला जायचं ठरवलंस, छान केलंस. पण न्यूकॅसलहून निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघ बाई. बेटावर नेणारा रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. आपल्या हाजी अलीच्या वाटेसारखंच, फक्त हा चांगला पाच किलोमीटरचा. तिथली कौन्सिल सुरक्षित वेळा जाहीर करते. त्यातल्या शेवटच्या पाच मिनिटांच्या भरवशावर राहू नकोस. ‘अजून कोरडाच तर दिसतोय’ म्हणणारे दरवर्षी अडकतात, गाडी पाण्यात सोडून खांबांवरच्या खोपटात चढून बसतात आणि सुटकेची वाट बघतात. तू बेरिकपर्यंत ट्रेनने जा, पुढे बस. तीही भरती बघूनच सुटते, आणि हिवाळ्यात तिचा भरवसा नाही.

आता खरं सांगू? व्हायकिंग बघायला जाशील, पण त्यांचं तिथे जवळजवळ काहीच नाही. 793च्या जूनमध्ये ते आले, मठ लुटला, भिक्षूंना मारलं, काहींना पकडून नेलं आणि गेले. लुटारू मागे काय ठेवणार? फोटोत दिसते ती लालसर दगडाची कमान बाराव्या शतकातली, नॉर्मन काळातली. टेकडीवरचा किल्ला त्याहून नवा, सोळाव्या शतकातला. वेळ कमी पडला तर तो खुशाल सोड. आणि शिंगांची शिरस्त्राणं शोधत बसू नकोस. ती रूढ झाली 1876च्या वाग्नरच्या ऑपेराच्या कपडेपटातून.

मठाच्या अवशेषांशेजारचं छोटं म्युझियम मात्र चुकवू नकोस. तिथे थडग्यावरचा एक दगड आहे, नवव्या शतकातला, वरून गोलसर. त्यावर सात माणसं एका रांगेत, तलवारी-कुऱ्हाडी उगारून. लोक तेवढाच फोटो काढतात नि पुढे सरकतात. तू दुसरी बाजूही बघ: मध्ये क्रूस, वर सूर्य-चंद्र, खाली प्रार्थना करणारे दोघं. कुणी म्हणतं हा व्हायकिंगांचा हल्लाच कोरलाय, कुणी म्हणतं जगाच्या अंताचा दिवस. मला दोन्ही खरं वाटतं. ज्यांनी तो हल्ला सोसला, त्यांना त्यात वेगळं काय दिसलं असेल?

पुढे 875मध्ये भिक्षू संत कथबर्टची शवपेटी घेऊन बेट सोडून गेले. ती अखेर 995मध्ये डरमला पोचली. तिचं कोरीव लाकूड अजून तिथल्या कॅथीड्रलमध्ये बघायला मिळतं. पण तेही त्याच दिवशी उरकायचा हट्ट नको. डरमसाठी एखादा शनिवार वेगळा ठेव, मीही येते.