सार्वभौम सत्ता व तहाचें बंधन

मनुष्य स्वतंत्र असूनही दिलेल्या वचनानें बांधला जातो. मग सार्वभौम राष्ट्राचें काय? ज्यावर कोणी धनी नाहीं, त्याचें सार्वभौमत्व तहानें बांधलें गेल्यावर उरतें काय? हा प्रश्न नुसत्या तर्कानें सुटण्याजोगा नाहीं. म्हणून एक प्रत्यक्ष खटला आपण पाहूं.

जर्मनींतील कील कालवा उत्तर समुद्र व बाल्टिक समुद्र यांस जोडतो. १९१९ सालच्या व्हर्सायच्या तहाच्या ३८० व्या कलमान्वयें, जर्मनीशीं सख्य असलेल्या सर्व राष्ट्रांच्या व्यापारी व लढाऊ जहाजांस हा कालवा सारख्याच अटींवर खुला ठेवणें जर्मनीस भाग होतें. १९२१ सालीं ‘विंबल्डन’ नांवाची इंग्रज आगबोट ४,२०० टन युद्धसामग्री घेऊन सालोनिकाहून डांझिगकडे निघाली. माल पोलंडसाठीं होता, आणि पोलंड व रशिया यांच्या युद्धांत जर्मनीनें तटस्थता जाहीर केली होती. तेंच कारण सांगून २१ मार्च रोजीं तिची वाट अडविण्यांत आली.

ब्रिटन, फ्रान्स, इटली व जपान यांनीं हेग येथील कायम आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे दाद मागितली. तटस्थ राहणें हा राष्ट्राचा मूळचा हक्क असून तो तहानें हिरावतां येत नाहीं, असें जर्मनीचें म्हणणें. १७ ऑगस्ट १९२३ रोजीं नऊ विरुद्ध तीन मतांनीं निकाल जर्मनीविरुद्ध लागला. न्यायालयानें मान्य केलें कीं, तहामुळें सत्तेच्या वापरास मर्यादा पडते, व शंका असेल तेथें त्या मर्यादेचा अर्थ संकुचित करावा. परंतु शब्द स्पष्ट असतां त्यांस बगल देतां येत नाहीं. शिवाय तह करण्याचा अधिकार हेंच सार्वभौमत्वाचें एक लक्षण होय. ज्यास वचन देण्याची सत्ताच नाहीं, तो सार्वभौम कसला?

तथापि दुसरी बाजूही विसरूं नये. हा तह पराजितावर लादलेला होता, आणि १९३६ सालीं जर्मनीनें तीं बंधनें झुगारून दिलीं. १९६९ सालच्या व्हिएन्ना करारानें दोन्ही गोष्टी जाणल्या: २६ व्या कलमानें तह सद्भावानें पाळण्याचें कर्तव्य सांगितलें, तर ५२ व्या कलमानें बेकायदा बळाच्या जोरावर घडविलेला तह रद्दबातल ठरविला. आपल्या राज्यघटनेचें ५१ वें कलमही तहांविषयीं आदर वाढविण्याचा राज्यानें यत्न करावा असें सांगतें.

सारांश, वचन स्वखुषीनें द्यावें व दिल्यावर पाळावें, यांतच राष्ट्राची प्रतिष्ठा आहे. हा नियम लहान मुलांस लागू आहे, तसाच मोठ्या राष्ट्रांसही, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.