राग येतो, डूख धरतात

मुलांनो, आपल्या भाषेत रागासाठी किती शब्द आहेत, हे तुम्ही कधी मोजून पाहिले आहे काय? राग, संताप, क्रोध, कोप, रोष, चीड, त्वेष, वैताग, त्रागा, रुसवा, आकस, अढी, डूख. आणि ही यादी येथे संपत नाही. हे शब्द एकमेकांचे भाऊबंद खरे, पण एकाच्या जागी दुसरा बसवू गेले की वाक्य बिघडते. आई बाळावर रागावते. आईचा बाळावर कोप झाला, असे कोणी म्हणत नाही. कोप व्हावा तो देवाचा, राजाचा, नाहीतर निसर्गाचा. धाकटी बहीण रुसते, शत्रू कधी रुसत नाही. रुसण्याला समजूत घालणारे आपले माणूस जवळ असावे लागते, म्हणून तर रुसवा ‘काढावा’ लागतो. गंमत अशी, की ‘रोष’ आणि ‘रुसणे’ ही दोन्ही संस्कृतातील ‘रुष्’ या एकाच धातूची लेकरे आहेत. एक दरबारात गेले, दुसरे घरातच राहिले.

खुद्द ‘राग’ शब्दाची कथाही ऐकण्यासारखी आहे. तो ‘रंज्’, म्हणजे रंगणे, या धातूपासून झाला. संस्कृतात त्याचा अर्थ रंग, लाली, प्रीती असा होता. ‘अनुराग’ शब्दात ती प्रीती अजून टिकून आहे आणि गवयाच्या रागात तो रंग टिकून आहे. मराठीने मात्र त्यातली लाली तेवढी उचलली आणि ती रागावलेल्या माणसाच्या तोंडावर नेऊन ठेवली!

शब्दाचा खरा स्वभाव कळतो तो त्याच्या सोबतच्या क्रियापदावरून. राग येतो, चढतो, उसळतो, ओसरतो, निवळतो. ही सारी पाण्याची क्रियापदे आहेत. रतनगडाच्या डोंगरात उगम पावून आपल्या अकोल्यावरून वाहत जाणारी प्रवरा पाहा. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की तिचे पाणी गढूळ होऊन चढते. उघडीप पडली की ओसरते आणि पुढे निवळते. राग असा वाहता आहे. पण डूख येत नाही, तो ‘धरावा’ लागतो. आकस धरतात, मनात अढी धरतात. याच प्रवरेवर भंडारदऱ्याला १९२६ साली धरण पुरे झाले आणि वाहते पाणी तेथे अडून राहिले. ‘धरण’ हा शब्दही ‘धरणे’ या क्रियापदाचाच सोयरा. धरणाचे पाणी निदान खालच्या शेतांना मिळते. धरलेला डूख मात्र धरणाऱ्याच्याच मनात कुजत राहतो. म्हणूनच लोक डूख म्हटले की साप आठवतात.

असा मुरलेला राग कडवट होतो. येथे भाषेने आपल्याला मनाकडून जिभेकडे नेले आहे, आणि जिभेवर एक अदलाबदल झालेली आहे. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे कडू नव्हे, तर तिखट. वैद्य सुंठ, मिरे आणि पिंपळी यांना मिळून ‘त्रिकटु’ म्हणतात. या तिन्हींत कडू एकही नाही. कडू चवीला त्यांचा शब्द ‘तिक्त’ असा आहे. मराठीत येताना ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि तो मिऱ्यावरून उठून कारल्यावर जाऊन बसला. बोलण्यातही हा फरक आपण पाळतो. तिखट बोलणे झोंबते आणि थोड्या वेळाने उतरते. कडू बोलाची चव मागे राहते. ‘कडवटपणा’ एकट्या माणसाच्या स्वरात असू शकतो, ‘कटुता’ यायला मात्र दोघे लागतात. आणि ‘कडवा सैनिक’ म्हटले की तीच चव स्तुतीची होते.

शब्द निवडताना चूक झाली, तर केवळ वाक्यच बिघडते असे नाही. माणसावर अन्यायही होतो. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. डोंगरात राहणाऱ्या महादेव कोळ्यांच्या जमिनी सावकारी कर्जात बुडत होत्या आणि इंग्रजी अंमलात त्यांना दाद मिळत नव्हती. राघोजींनी सावकार आणि सरकार या दोघांविरुद्ध शस्त्र उचलले. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

आता हे एका वाक्यात कसे सांगाल? ‘राघोजींना सावकारांचा राग आला’ असे लिहिले, तर ते पोरकट वाटते. असा राग बाजारात भाव पटला नाही तरी येतो. ‘राघोजींनी सावकारांवर डूख धरला’ असे लिहिले, तर वैयक्तिक वैराचा आरोप होतो आणि सावकाराची बाजू न सांगता सांगितली जाते. ‘अन्यायाची चीड आली’ हे योग्य. चीड दुसऱ्यावरील अन्याय पाहूनही येते, हे तिचे वैशिष्ट्य. लोकांच्या मनात होता तो ‘संताप’. त्यात ‘ताप’ आहे, वर्षानुवर्षे तापत गेलेले काहीतरी आहे. लढले ते ‘त्वेषाने’. आणि सरकारचा झाला तो ‘रोष’. रोष सत्ताधाऱ्याला शोभतो, कर्जदाराला तो परवडत नाही.

‘क्रोध’ हा शब्द मी येथे वापरलेला नाही, हे तुमच्या ध्यानात आले असेल. क्रोधात विवेक उरत नाही. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे गावी शेतकरी सावकारांविरुद्ध उठले आणि ते लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर होता. खते हिसकावून त्यांनी जाळली. कोणता कागद जाळायचा हे ज्याला कळते, त्याच्या भावनेला क्रोध म्हणणे मला पटत नाही. १८७९ साली सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला.

स्वाध्याय : पुढील वाक्यांतील ‘राग’ या शब्दाच्या जागी अधिक योग्य शब्द घाला आणि आवश्यक तेथे क्रियापद बदला. तोच शब्द का निवडला, तेही लिहा.
(१) मामाने जत्रेला नेले नाही म्हणून सुमनला राग आला आणि ती कोपऱ्यात जाऊन बसली.
(२) गरीब मजुराचे पैसे बुडवलेले पाहून गुरुजींना राग आला.
(३) शेताच्या बांधावरून दोन घरांत आलेला राग नातवंडांपर्यंत राहिला.