सही आणि तिची हकीकत

जुन्या गायकनटांच्या आणि गवयांच्या सह्या, पत्रं, जाहिरातपत्रकं, पदांची पुस्तकं, तबकड्या जमवण्याचा नाद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. धाराशिवात राहून हा नाद करायचा म्हणजे पुण्या-मुंबईच्या बाजारापासून लांब आणि जुन्या घरांच्या जवळ राहायचं. आमच्याकडची हौशी मंडळी एके काळी नाटकासाठी बार्शीला, सोलापूरला जात, ओळखीच्यांकडे मुक्काम करत आणि येताना पदांचं पुस्तक घेऊन येत. त्यातली काही पुस्तकं अजून कुणाच्या ना कुणाच्या ट्रंकेत सापडतात. २०१७ साली ९७वं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन आमच्या गावात भरलं, तेव्हापासून याबद्दल विचारणारे जास्त भेटू लागले. त्यात तरुण मुलंही आहेत. वस्तूंना पैसे मिळू लागलेत हे त्यांनी ऐकलेलं असतं. पैशाबरोबर बाजारात काय काय येतं, ते मी जवळून पाहिलं आहे.

उमरग्याकडच्या एका घरातली गोष्ट सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात त्यांचं माळवदाचं घर बसलं. ढिगाऱ्यातून जी एक लोखंडी ट्रंक शाबूत निघाली, तिच्यात आजोबांची पत्रं होती. त्यातलं एक त्या काळच्या नावाजलेल्या गायकनटाचं. दोन पानी, बाळबोध लिपीत, स्वतःच्या हाताचं. हुरड्याला यायचं राहून गेलं याची रुखरुख, आजोबांनी सुचवलेल्या तबलजीची चौकशी, कंपनीच्या पुढच्या मुक्कामांची नावं. घरच्या आजींनी मला ते वाचून दाखवलं होतं. विकत मागायचं माझ्या मनात आलं नाही. वस्तू त्या घराची होती आणि त्या घरातच शोभत होती. पुढच्या वेळी गेलो तर पत्राचा खालचा भाग नव्हता. कुणी एक दलाल येऊन गेला होता.

“नुसती सहीच नेली बघा कातरीनं कापून. बाकीचं हितंच टाकून गेला,” आजी म्हणाल्या. “म्हणला, सहीलाच पैसे हैत, कागदाला न्हाईत.”

काही महिन्यांनी एका शहरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात काचेच्या चौकटीत एक फोटो पाहिला. खाली सहीची पट्टी चिकटवलेली. पट्टीच्या वरच्या कडेला आधीच्या ओळीतल्या एका अक्षराचा उकार अर्धा उतरलेला होता. आजींकडच्या कागदाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. उकाराचा वरचा अर्धा भाग तिथे होता. दुकानदाराला दोन्ही दाखवलं. त्याने चौकट उचलून आत ठेवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

आता पत्राला नाव नाही आणि सहीला पत्र नाही. आजी आहेत तोवर त्या सांगतील की हे पत्र अमक्याचं. पुढे कोण सांगणार? एकोणिसाव्या शतकात युरोपातले हौशी लोकही पत्रांच्या सह्या कापून वह्यांत चिकटवत. त्यामुळे ऑपेराच्या गायकांच्या, संगीतकारांच्या कितीतरी पत्रांची अशीच दशा झाली. तिकडे आता कापलेल्या सहीला पूर्ण पत्रापेक्षा खूप कमी किंमत येते. आपल्याकडे कात्री अजून चालूच आहे. म्हणून पहिली विनंती ही: कापलेली सही विकत घेऊ नका. गिऱ्हाईक मिळेनासं झालं तरच कात्री थांबेल.

दुसरी गोष्ट तेरमध्ये शिकता येते. तेर म्हणजे प्राचीन तगर, आमच्याच जिल्ह्यातलं. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शेतांत सापडणारी मातीची खेळणी, मणी, नाणी, मूर्ती वर्षानुवर्षं जमवली. आज तो संग्रह सरकारी वस्तुसंग्रहालयात आहे. त्याचं मोल कशात आहे? भाजलेल्या मातीच्या बाहुल्या इतरत्रही मिळतात. पण या तेरच्याच मातीतून निघालेल्या आहेत हे पक्कं माहीत आहे, म्हणून सातवाहनांच्या काळच्या व्यापाराबद्दल त्या काही सांगू शकतात. त्याच बाहुल्या ठावठिकाण्याशिवाय मुंबईच्या दुकानात असत्या तर शोभेच्या वस्तू म्हणून राहिल्या असत्या.

सहीचंही तसंच आहे. ती कुणी, कुणाला, कुठे, कशानिमित्त दिली आणि तिथून तुमच्यापर्यंत कशी आली, हे लिहून ठेवलेलं नसेल तर हातात उरते ती शाई. मी वस्तू पाहायला जातो तेव्हा आधी माणसाचं ऐकून घेतो. घरातल्या मोठ्यांना विचारतो, त्यांची परवानगी असेल तर बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करतो आणि त्याच दिवशी वहीत उतरवतो. विकणारा “जुन्या वाड्यातून आलंय” एवढंच सांगत असेल आणि वाडा कुठला हे सांगत नसेल, तर मी उठतो. वस्तू कितीही मोहात पाडणारी असो.

एका निवृत्त गुरुजींनी मला बालगंधर्वांचा रुक्मिणीच्या वेषातला, सही असलेला फोटो दाखवला होता. त्यांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेला. ते नाटक ‘स्वयंवर’ १९१६ चं, म्हणजे फोटोही त्याच सुमाराचा, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. नोटा तपासायची छोटी निळ्या उजेडाची बॅटरी मी सोबत ठेवतो. खोलीत अंधार करून ती फोटोवर धरली. कागद निळसर पांढरा लखलखला. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालतात ती रसायनं फोटोच्या कागदात साधारण १९५० नंतर आली. त्याआधीचा कागद त्या उजेडात मंदच राहतो. गुरुजी बराच वेळ काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे पावती नव्हती, विक्रेत्याचा पत्ता नव्हता, फोन नंबर बंद होता. पाच मिनिटांची ही तपासणी पैसे देण्याआधी झाली असती, एवढंच मला त्यांच्याजवळ बसून वाटत राहिलं. बॅटरी स्वस्तात मिळते. घ्याच.

तिच्या जोडीला एक चांगलं भिंग. फाउंटन पेनाच्या रेघेत शाई कुठे दाटते, कुठे विरळ होते, वळणावर थोडी साचते. छापलेल्या सहीत ती सगळीकडे सारखी असते. हे तिकडच्या वस्तूंनाही लागू आहे. एनरिको कारुसो हा थोर ऑपेरागायक सहकाऱ्यांची व्यंगचित्रं काढून खाली सही करायचा आणि ती न्यूयॉर्कच्या एका इटालियन नियतकालिकात छापून यायची. परदेशातून कुणी “कारुसोच्या हातचं” म्हणून काही पाठवलं तर आधी भिंग लावा. बॉलपेनचं तर सोपं आहे. ते बाजारात आलं दुसऱ्या महायुद्धानंतर. गायकनट केशवराव भोसले गेले १९२१ साली. त्यांची बॉलपेनने केलेली सही असूच शकत नाही, पण विकायला येते.

सगळ्यात उपयोगी पडतं ते मात्र नाटकाच्या इतिहासाचं वाचन. ‘मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आणलं ते किर्लोस्कर मंडळीने. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली १९१३ मध्ये. ‘मानापमान’च्या पहिल्या वर्षीच्या प्रयोगाचं म्हणून दाखवलेल्या पत्रकावर गंधर्व मंडळीचं नाव असेल तर पुढे काही तपासायला नको. ८ जुलै १९२१ चा ‘संयुक्त मानापमान’, म्हणजे बालगंधर्व आणि केशवराव यांच्या कंपन्यांचा एकत्र प्रयोग, टिळक स्वराज्य फंडासाठी झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. मराठी माणसाच्या मनात त्या रात्रीला जी जागा आहे, तिच्यामुळे तिची पत्रकं आणि दोघांच्या सह्यांचा एकत्र कागद यांच्यावर बनावट करणाऱ्यांचा डोळा असतो. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला केशवराव गेले. म्हणजे त्या रात्रीनंतर दोघांनी एका कागदावर सह्या करायला अवघे तीन महिनेही नव्हते. असा कागद कुणी समोर ठेवला तर मी तो खोटाच आहे असं धरून सुरुवात करतो.

आमच्या भागातल्या कागदांना आणखी एक कसोटी आहे, जी पुण्याच्या जाणकारालाही चटकन सुचत नाही. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, आणि शेजारचं बार्शी-सोलापूर १९४७ पर्यंत इंग्रजांच्या. उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, जुन्या पावतीवर रुपये निजामाच्या हाली सिक्क्यात, बार्शीच्या पावतीवर इंग्रजी कलदार. संस्थानच्या कागदावर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतो. १३३० फसली म्हणजे १९२०-२१. उस्मानाबादची म्हणून दाखवलेली १९२०च्या सुमाराची सरकारी पावती नुसत्या इसवी सनाची आणि कलदार रुपयांची असेल तर मी तिथे थांबतो आणि प्रश्न विचारतो.

तबकड्यांबद्दल थोडं मनापासून सांगायचं आहे, कारण नव्या संग्राहकांचं त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. फ्रेड गैसबर्ग नावाच्या एकाच ध्वनिमुद्रकाने १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानला कारुसोचा आवाज घेतला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याला गायिका गौहरजानचा. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. कारखान्यातल्या लोकांना गाणाऱ्याचं नाव कळावं म्हणून कलावंत गाणं संपताना स्वतःचं नाव उच्चारत. गौहरजान ते इंग्रजीत मोठ्या डौलात सांगते. कागदावरच्या सहीची नक्कल करता येते. गाऊन झाल्यावर त्याच दमात उच्चारलेलं हे नाव म्हणजे माझ्या लेखी खरी सही, आणि ती अजूनही परवडणाऱ्या किमतीत मिळते. फक्त दोन गोष्टी सांभाळा. जुनी तबकडी लाखेची असते. स्पिरिट लावून पुसली तर लाख विरघळते आणि आवाज कायमचा जातो. साध्या गार पाण्याने मऊ फडक्याने पुसा, मधला कागद भिजू देऊ नका. आणि आमच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या खोलीत त्या आडव्या रचून ठेवू नका, वाकतात. उभ्या ठेवा.

कागदाचा सगळ्यात मोठा शत्रू वाळवी नाही, लॅमिनेशन आहे. गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानात “कायमचं टिकेल” म्हणून करून देतात. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात शिरतं आणि मग कुठल्याही तज्ज्ञाला ते सुखरूप काढता येत नाही. सेलोटेपही नको. तिचा डिंक काही वर्षांत पिवळा डाग सोडतो. चिकट पानांचे अल्बम नकोत. सही केलेला फोटो भिंतीवर उन्हात टांगू नका, तिथे प्रत लावा. मूळ कागद आम्लरहित पाकिटात, कपाटाच्या मधल्या कप्प्यात. पावसाळ्यात महिन्यातून एकदा काढून कसर लागली का पाहा. फोटोच्या मागे काही लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने. प्रत्येक वस्तूची चांगली डिजिटल प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडेही असू द्या. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या बातमीनंतर मी माझ्या सगळ्या प्रती दुसरीकडे नेऊन ठेवल्या.

आजच्या कलावंतांची सही घ्यायची तर मैफलीनंतर, त्यांनी पाणी घेतल्यावर, घरच्यांशी दोन शब्द बोलून झाल्यावर. तंबोरे जुळत असताना ग्रीनरूममध्ये घुसणारे मी पाहिले आहेत आणि मला त्यांचा राग येतो. सही कार्यक्रमपत्रिकेवर घ्या, नोटेवर नको. खाली तारीख, गाव, गायलेले राग आणि साथीदारांची नावं तुम्ही स्वतः लिहा. तबलजी आणि हार्मोनियमवाल्यांच्याही सह्या मागा. त्यांना कुणी मागत नाही.

कायदाही माहीत असावा. ७५ वर्षांपेक्षा जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं आणि कागदपत्रं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. केंद्र सरकार किंवा त्याने अधिकार दिलेली संस्था सोडून कुणालाही ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या गिऱ्हाइकाला जुनं पत्र टपालाने पाठवायला निघालेला एक मुलगा माझ्या सांगण्यावरून थांबला, हे मला समाधानाचं वाटतं.

तुम्ही जमवलेलं पुढे कुणाकडे जाणार हे जिवंतपणी ठरवून, लिहून ठेवा. पुण्याच्या दिनकर केळकरांनी आपला संग्रह, त्यातल्या वाद्यांसकट, महाराष्ट्र सरकारला दिला, म्हणून आज तो कुणालाही पाहता येतो. आपला संग्रह त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, तरी यादी हवी आणि घरच्यांना ती माहीत हवी. जुन्या घरांचे कागद बहुतेक दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याकडे जातात. त्यामुळे कळंब, भूम, परंडा, उमरगा कुठेही ओळखीच्या घरी ट्रंक असेल तर नवरात्रातच जाऊन या, वाहायला-उचलायला मदत करा, आणि काही न मागता आधी सगळ्या कागदांचे फोटो काढून त्या घरालाच द्या.