गाडी कधी काढायची? टोकन आणि लाइव्ह लोकेशन



सोयाबीनची आवक सुरू झाली आहे. आज फवारणी-खताचा नाही, गोडाऊनचा विषय घेऊ.

*मागच्या हंगामात काय झालं?*
एका दिवशी मी आठही जणांना "सकाळी १०" हीच वेळ दिली. चूक माझीच. काटा, ओलाव्याचा नमुना, उतराई आणि थप्पी धरून एका ट्रॉलीला साधारण तास लागतो. म्हणजे आठव्या गाडीचा नंबर संध्याकाळी ५ ला. त्यात तेल मिलचा ट्रक भरायला आला आणि हमाल तिकडे गेले. दोन ट्रॉल्या रात्रभर गेटबाहेर राहिल्या, पहाटे पाऊस आला. घरून ११ टक्के ओलाव्यावर निघालेल्या मालाचे वरचे कट्टे १६ टक्क्यांवर गेले. माल पुन्हा वाळवावा लागला, ट्रॉलीचं भाडं वेगळं.

*यंदा काय बदल?*
टोकनवर वेळ नसेल, फक्त नंबर असेल. वेळ ठरेल ती गाड्या प्रत्यक्षात कुठे आहेत ते बघून.

१) माल भरून, ताडपत्री बांधून तयार ठेवा. गोडाऊनच्या नंबरवरून *"निघा"* असा मेसेज येईपर्यंत गाडी काढू नका. भरलेल्या ट्रॉलीला १२ किमीला पाऊण तास लागतो, पिकअपला वीस-पंचवीस मिनिटं. हा हिशोब धरूनच आम्ही मेसेज टाकतो.

२) निघताना व्हॉट्सॲपवर गोडाऊनच्या चॅटमध्ये जा. पिनच्या खुणेवर दाबा → लोकेशन → लाइव्ह लोकेशन → *१ तास* निवडा → पाठवा. लांबून येणाऱ्यांनी ८ तास निवडा. ग्रुपवर टाकू नका, फक्त गोडाऊनच्या नंबरवर टाका.

३) ज्या फोनवरून लोकेशन पाठवलं तो फोन गाडीतच हवा. मालकाचा फोन घरी राहिला तर आम्हाला गाडी घरीच दिसते! ड्रायव्हर वेगळा असेल तर त्याच्या फोनवरून पाठवा. जीपीएस आणि नेट चालू ठेवा. गाडी चालवताना मेसेज करू नका.

४) रस्त्यात पंक्चर झालं, गाडी अडकली तर मागची गाडी आधी घेऊ. तुमचा नंबर जाणार नाही, पोहोचलात की लगेच पुढची पाळी तुमची.

५) मिलच्या ट्रकचंही लोकेशन आम्ही घेतो. ट्रक तासाभराच्या अंतरावर आला की नवीन "निघा" मेसेज थांबवतो, कारण हमालांची टोळी एकच आहे. तुमचा मेसेज उशिरा आला तर कारण बहुतेक हेच असेल. तेवढा वेळ माल तुमच्या घरी छपराखाली राहील, आमच्या गेटबाहेर नाही.

*ओलावा आदल्या दिवशीच तपासा*
किलोभर नमुना बंद पिशवीत आणा, मीटरवर लगेच बघून देतो. १२ टक्क्यांच्या आतला माल थेट थप्पीला जातो. जास्त असेल तर घरीच अजून एक-दोन उन्हं द्या. ओला माल थप्पीत गेला की आतून तापतो, बुरशी धरतो आणि शेजारच्या चांगल्या कट्ट्यांनाही खराब करतो.

*"कंपनी आमच्यावर नजर ठेवणार का?"*
हा प्रश्न बऱ्याच जणांनी विचारला, बरोबरच आहे. निवडलेली वेळ संपली की लोकेशन आपोआप बंद होतं. माल उतरला की तुम्ही स्वतःही "शेअर करणे थांबवा" दाबा.

*स्मार्टफोन नसेल तर?*
निघताना आणि अर्ध्या वाटेत एक फोन करा, तेवढ्यावर काम भागतं. शेजारच्या सभासदाला हे नक्की सांगा.

थोडक्यात: *आधी नमुना, मग "निघा", मग लोकेशन.* अडचण आली तर व्हॉइस मेसेज टाका, सकाळी ८ ते संध्याकाळी ७ उत्तर देतो.

आपला,
कृषी सल्लागार 🙏