आधी मोज, मग मॅप कर

अगं, आईला तू सांगितलंस की गाडीच्या सर्व्हिसिंगला पैसे लागतायत. माझ्या कानावर मात्र वेगळंच आलंय. ‘स्टेज वन’, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा रीमॅप, करायचं ठरतंय म्हणे. घाबरू नकोस, आईला मी काही बोलणार नाही. गाडीचं वेड मुलीला असलं की घरात जरा जास्तच कुजबुज होते, हे मला ठाऊक आहे. पण चाकणच्या कारखान्यातून निघालेली तुझी ती पोलो जीटी टीएसआय आता बेंगळुरूत मल्लेश्वरमला माझ्या खिडकीखाली उभी असते, म्हणून चार शब्द बोलते. करू नकोस असं म्हणणार नाही. खुशाल कर. फक्त तू निघाली आहेस तो क्रम उलटा आहे.

तुझं गणित मला कळतं. १.२ लिटरचं टर्बो इंजिन, कंपनीचा आकडा १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. लॅपटॉप जोडला की तासाभरात आणखी पंचवीस-तीस पीएस निघतात असं तुझे मित्र सांगतात, आणि त्यात फारसं खोटं नाही. टर्बो गाडीत कंपनीने हात राखूनच ताकद दिलेली असते. कुठल्याही पंपावरचं पेट्रोल, मे महिन्यातली हवा, ऑइल बदलायला विसरणारा मालक, प्रदूषणाचे नियम, या सगळ्यांसाठी ठेवलेली ती शिल्लक. रीमॅप करणारा बूस्ट वाढवतो, इग्निशन थोडं पुढे ओढतो, इंधन त्या मापाने देतो. म्हणजे ती शिल्लक मोडतो. आता मला सांग, सेकंडहँड घेतलेल्या गाडीत ती शिल्लक उरली आहे का? आधीच्या मालकाने मोडली नसेल कशावरून? ईसीयूमध्ये, म्हणजे त्या कॉम्प्युटरमध्ये, आधीच कुणी हात घातलाय का, हे स्कॅन करून बघता येतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरच्या सिस्टिममध्ये अशा गाडीवर ‘टीडी वन’ अशी खूण पडते आणि त्यानंतर इंजिन-गिअरबॉक्सच्या वॉरंटीचं नाव काढायचं नसतं. तुझ्या गाडीची वॉरंटी तशीही संपलेलीच आहे, पण खूण आहे की नाही हे कळलेलं बरं.

म्हणून आधी दुरुस्ती. मिरवण्यासारखं त्यात काही नाही. कुणी तुझ्या नव्या स्पार्क प्लगचा फोटो बघून वाहवा करणार नाही. पण बूस्ट वाढला की जुन्या प्लगची ठिणगी तोकडी पडते, इग्निशन कॉइल दम टाकते, आणि गाडी चढावर झटके देते. मग लोक मॅपला शिव्या घालतात. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे होज तपासून घे. एखाद्याला बारीक चीर असली की हवा तिथूनच निघून जाते आणि टर्बो उगाच जास्त राबतो. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरच्या आत फवारलं जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व्हवरून ते वाहत नाही आणि तिथे काजळी साठत जाते. तू म्हणतेस ना की सकाळी थंड असताना गाडी जरा थरथरते? त्याचं कारण हे असू शकतं. काजळी काढून घेतल्यावरच पिकअप परत आलेल्या गाड्या मी पाहिल्यात, एक रुपयाचाही रीमॅप न करता.

आता गिअरबॉक्स. इथे जरा नीट लक्ष दे, कारण या गाडीत सगळ्यात महाग पडणारी गोष्ट हीच आहे. तुझा डीएसजी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, हा सात गिअरचा डीक्यू२००. त्याचे दोन्ही क्लच कोरडे, ऑइलात बुडालेले नाहीत. हा बॉक्स बनवलाय २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी. स्टेज वनचा सौदा करताना पीएसबद्दल सगळे बोलतात, या २५० बद्दल विचारतं कोण? आणि कोरड्या क्लचला बेंगळुरूचं ट्रॅफिक मुळीच मानवत नाही. संपिगे रोडवर संध्याकाळी आठव्या क्रॉसच्या बाजाराजवळ तू बघितलंस ना, गाड्या कशा वीत-वीत सरकतात. तू प्रत्येक वीतभर पुढे जातेस तेव्हा क्लच अर्धवट पकडून घासला जातो. पुढच्या गाडीला चांगलं जाऊ दे, मग एकदमच पुढे हो. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. ब्रेक दाबून पूर्ण थांबलीस तर क्लच सुटलेला असतो, त्रास होतो तो सरपटण्याने. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धक्का बसत असेल किंवा गिअर अधूनमधून गायब होऊन डॅशबोर्डवर पान्याचं चिन्ह लुकलुकत असेल, तर मेकाट्रॉनिक युनिट आणि क्लचची तपासणी झाल्याशिवाय रीमॅपचा विषयही काढू नकोस.

एवढं झालं की डायनो, म्हणजे गाडी रोलरवर चालवून तिची ताकद मोजणारं यंत्र. ते मला मनापासून आवडतं. तुझ्या मित्रांना त्यातून फक्त एक आकडा हवा असतो, तो मोबाइलवर टाकायला. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला एआरएआय ही वाहनांच्या चाचण्या करणारी संस्था आहे, १९६६ पासूनची. तिथेही गाड्या रोलरवर चालवतात, पण धुरातले घटक आणि इंधनाचा खप मोजायला. ट्यूनरच्या डायनोवर मोजतात ती चाकांपर्यंत पोहोचलेली ताकद. गाडी पट्ट्यांनी बांधतात, पुढची चाकं रोलरवर, बॉनेटसमोर मोठा पंखा, सायलेन्सरच्या तोंडात हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर. मग एका ठरावीक गिअरमध्ये खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत पूर्ण ॲक्सिलरेटर. डीएसजीत एक गंमत होते: पेडल शेवटपर्यंत दाबलं की बॉक्स स्वतःच खालचा गिअर घालतो आणि आलेख वाया जातो. हे माहीत असलेला ऑपरेटर आहे का, ते आधी विचार. पहिल्या प्रश्नातच माणूस कळतो.

रीमॅपच्या आधीचा रन, ज्याला बेसलाइन म्हणतात, तो घेतल्याशिवाय कुणाला लॅपटॉप जोडू देऊ नकोस. त्याच यंत्रावर, शक्यतो त्याच दिवशी, त्याच टायर प्रेशरवर. सलग रन घेतले की इंटरकूलर तापतो आणि आकडे खाली येतात, म्हणून मध्ये गाडी थंड होऊ द्यायची. आणि १०५ दिसले नाहीत म्हणून रडू नकोस. १०५ हा इंजिनचा आकडा. गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, टायर यांत साधारण दहा ते वीस टक्के जातात, त्यामुळे चाकांवर नव्वदच्या आसपास आले तर गाडी निरोगी आहे. काही जण तो तोटा अंदाजाने परत मिळवून ‘इंजिनची ताकद’ छापून देतात. चाकांवरचाच आलेख माग.

इथे बेंगळुरूचा म्हणून एक घोळ आहे, तो तुला कुणी सांगणार नाही. हे शहर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरच्या वर आहे. हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळजवळ दहा टक्के कमी. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनला तेवढा फटका बसतोच, म्हणून डायनोचं सॉफ्टवेअर तपमान आणि दाब बघून आकडा दुरुस्त करतं, वर ओढतं. टर्बो मात्र ती तूट बरीचशी स्वतःच भरून काढतो, जास्त फिरून. म्हणजे तुझ्या गाडीने न गमावलेली ताकद सॉफ्टवेअर तिला पुन्हा बहाल करतं! आठ-नऊ टक्के फुकटात. ट्यूनर खोटं बोलतोच असं नाही, यंत्राची सेटिंगच तशी असते. तू दुरुस्त केलेला आणि न केलेला, दोन्ही आकडे माग, आणि पुण्याच्या मैत्रिणीच्या आलेखाशी आपला आलेख ताडून बघायच्या भानगडीत पडू नकोस.

आलेख बघताना शिखराकडे बघू नकोस. टॉर्कची रेघ कशी जाते ते बघ. तिला खड्डे आहेत का, दातेरी आहे का? हवा-इंधनाची रेघ पूर्ण जोरात साडेबाराच्या आसपास स्थिर हवी, मध्येच तेराच्या वर उडत असेल तर इंजिन उपाशी आहे आणि तापतंय. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, दुसरं काही नाही. ५००० आरपीएमला १८० न्यूटन-मीटर टिकले तरी १२८ पीएस होतात. तेव्हा ट्यूनरला सांग, मला खाली २००० आरपीएमला पाठीत गुद्दा नको, टॉर्क २२० च्या आत ठेवा आणि वरती तो पडू देऊ नका. खालचा गुद्दा मजेचा वाटतो, क्लच खातो तोच. चांगला ट्यूनर हे ऐकून खुलतो. जो म्हणतो की ‘मॅडम, सगळ्यांना हीच फाइल देतो’, त्याच्याकडून चहा पिऊन परत ये.

पेट्रोलचाही विचार कर. पोलो भारतात २०२२ मध्ये बंद झाली. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल सर्रास झालं ते त्यानंतर. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घसरणारच. मॅप जास्त ऑक्टेनच्या महाग पेट्रोलचा करून घेतलास आणि महिनाअखेरीला साधं भरलंस, तर नॉक सेन्सर इग्निशन मागे ओढतो आणि पैसे देऊन घेतलेली ताकद तिथेच विरते. तुझा पगार बघून सांगते, साध्या पेट्रोलचाच मॅप माग.

गॅरेजमधल्या वागणुकीबद्दल एक सांगू? ‘सर येणार आहेत का?’ हा प्रश्न मी इथे बऱ्याचदा ऐकलाय. चिडत नाही आता. जुना काढलेला पार्ट पिशवीत घालून परत मागते, कामाच्या आधी लेखी अंदाज घेते, आणि स्कॅनरवर दिसलेल्या कोडचा फोटो काढते. तिसऱ्या भेटीपर्यंत सगळे आपोआप माझ्याशीच बोलायला लागतात. कन्नडमधली चार वाक्यं शिकलीस तर दुसऱ्याच भेटीत.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. रीमॅप बाहेरून दिसत नाही म्हणून सगळे निवांत असतात, पण अपघात झाला की विम्याचा सर्व्हेयर बघायला बसतो. बदल लपवलेला निघाला तर क्लेम अडू शकतो, आणि त्यात समोरचा जखमी असेल तर हा विषय गाडीपुरता राहत नाही. विमा कंपनीला लेखी कळव, जास्त प्रीमियम मागितला तर भर, नाही म्हणाली तर तेही कळलं. शर्यत आणि वेगाची चाचणी नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही, हेही लक्षात ठेव. आणि तुझं एमएच-१४ पासिंग? बारा महिन्यांच्या वर गाडी इथे ठेवायची तर पिंपरी-चिंचवडच्या आरटीओकडून एनओसी आणून कर्नाटकचा रोड टॅक्स भरावा लागतो. तो आकडा बघितलास की स्टेज वनचं बजेट आपोआप आवळेल.

एका गोष्टीला मात्र माझी साफ ना आहे: डाउनपाइप आणि मोठा सायलेन्सर. डाउनपाइप बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणं म्हणजे पीयूसीशी लपंडाव आणि मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या नाकात विष. आवाजाचं तर विचारूच नकोस. इथले क्रॉस अरुंद, जुनी घरं रस्त्याला चिकटून, केसी जनरल हॉस्पिटल वस्तीतच, आणि हॉस्पिटलभोवती किमान १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. काडू मल्लेश्वराचं देऊळ व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात बांधलं असं सांगतात, म्हणजे मराठी माणसं या भागात तीनशेहून जास्त वर्षं नांदतायत. पहाटे साडेपाचला सायलेन्सरचे फटाके फोडत जाणारी पहिली मराठी मुलगी तू होऊ नकोस. जोरात चालवायची हौस असेल तर चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे, इथून साधारण ३०० किलोमीटर. २०१० मध्ये पोलो कप सुरू झाला तेव्हा पोलो गाड्या तिथेही पळाल्या. ट्रॅक डे बघून ठेव, मी येईन शेजारी बसायला. नंदी हिल्सच्या वळणांवर मात्र रविवारी पहाटे सायकलवाले असतात, तिथे नको.

तर पैसे असे लाव. आधी टायर, ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड, कारण वाढलेला वेग थांबवायचा त्यांनीच आहे. मग प्लग, कॉइल, होज, काजळी, गिअरबॉक्सची तपासणी. मग बेसलाइन रन. तो आलेख घेऊन माझ्याकडे ये, दोघी बसून बघू. रेघ स्वच्छ असेल तर रीमॅपला थोडे पैसे मी घालीन. आणि आईला खरं सांग. तिला गाडीतलं कळत नसेल, पण बिल वाचता येतं.