सेलशिवाय चालणारा माल : भरायचा की नाही?

व्हिडिओत आकडेमोड घाईत झाली, म्हणून इथे नीट लिहितोय. वही-पेन घ्या आणि गल्ल्यावरचा कॅल्क्युलेटरही जवळ ठेवा, त्याचं वेगळं काम आहे.

कॅल्क्युलेटरच्या वरच्या बाजूला काळपट काचेची पट्टी असेल. आतला सेल काढा आणि ट्यूबलाइटखाली दोन-चार आकडे दाबून बघा. आकडे उमटले, आणि पट्टीवर बोट ठेवल्यावर पुसट झाले, तर पट्टी खरी. काहीच उमटलं नाही तर ती नुसती शोभेची. स्वस्त मालात अशी शोभेची पट्टी सर्रास असते, आणि आपण तो माल 'सोलर आहे साहेब' म्हणून विकतो.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी असाच फसलो. होलसेलरनं सोलर पॉवर बँक दाखवली. "उन्हात ठेवा, चार्जरची गरजच नाही," म्हणाला. मी चाळीस नग उचलले. बीबीए केलेला माणूस, पण साधा भागाकार केला नाही! महिन्याभरात अकरा नग परत आले. एक काका तर रोज गच्चीवर ठेवून थकले होते. काउंटरवर पॉवर बँक ठेवली आणि एवढंच म्हणाले, "तू विकलीस म्हणून घेतली रे." पैसे परत दिले, पण ते वाक्य अजून लक्षात आहे.

तो भागाकार आता करू. 10,000 एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण 37 वॅट-तास वीज मावते. वरचं पॅनेल तळहाताएवढं, 100 चौरस सेंटिमीटर धरा. भर उन्हात, सूर्याकडे सरळ तोंड करून ठेवलं, तर चौरस सेंटिमीटरला 15 मिलिवॅट, म्हणजे एकूण दीड वॅट. 37 भागिले दीड, जवळपास 25 तास. कडक ऊन दिवसाला पाच तास धरलं तरी पाच दिवस गेले. शिवाय लिथियमचा सेल असा उन्हात भाजला की त्याचं आयुष्य घटतं. आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कुठून आणायचं?

आजूबाजूची फुकटची ऊर्जा (उजेड, हालचाल, उष्णता, रेडिओलहरी) गोळा करून वस्तू चालवायची, याला एनर्जी हार्वेस्टिंग म्हणतात. प्रकार खोटा नाही. प्रश्न एवढाच की वस्तू खाते किती आणि आजूबाजूला मिळतं किती. घरातल्या उजेडात चौरस सेंटिमीटरला ढोबळ 10 मायक्रोवॅट मिळतात, म्हणजे वॅटचा एक लाखावा भाग. भर उन्हाच्या हजारपटीनं कमी.

आता मनगटी घड्याळ घ्या. 626 नंबरचा बटण सेल, दीड व्होल्ट, 28 एमएएचच्या आसपास. दोन वर्षं चालतो. हिशोब केला तर घड्याळ खातं अडीच मायक्रोवॅट! एवढी वीज डायलच्या कोपऱ्यातूनही निघते. म्हणून घड्याळात हे कधीच जमलं. 1961 मध्ये एचएमटीनं बंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली ती जपानच्या सिटिझनच्या मदतीनं, आणि त्याच सिटिझननं 1976 मध्ये उजेडावर चालणारं काट्यांचं क्वार्ट्झ घड्याळ बाजारात आणलं.

मोबाइलला हेच गणित लावा. 5,000 एमएएच म्हणजे 19 वॅट-तास. पाठ सगळी पॅनेलनं झाकली तरी 120 चौरस सेंटिमीटर. घरातल्या उजेडात मिळाले सव्वा मिलिवॅट. एकदा फुल चार्ज व्हायला पावणेदोन वर्षं, तीही दिवे रात्रंदिवस चालू ठेवून. साउंडबॉक्सचंही तेच. त्यात सिमकार्ड आहे, स्पीकर आहे, त्याला उजेडाचे हे चार दाणे पुरत नाहीत. म्हणून 'कधीच चार्ज करू नका' असं लिहिलेला मोबाइल कुणी दाखवला तर नमस्कार करून पुढे चला.

बिनसेलचा माल तुम्ही रोज वापरता, फक्त तिकडे लक्ष जात नाही. ओट्यावरचा 'टक्' करणारा गॅस लायटर बघा : स्प्रिंगचा हातोडा स्फटिकावर आपटतो, त्या दाबानं वीज तयार होते, ठिणगी पडते. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये सेल नाही. घोटी किंवा पिंपळगाव बसवंतच्या टोलनाक्यावर वरचा रीडर रेडिओलहरी सोडतो, त्यातूनच टॅग चिमूटभर वीज घेतो आणि आपला नंबर परत पाठवतो. अर्थात वीज नाकाच भरतोय, आणि तीही काही मीटर अंतरापुरती. लांब गेलं की लहरी झपाट्यानं क्षीण होतात. हवेतल्या मोबाइल टॉवरच्या लहरींवर फोन चार्ज करू, असं सांगणारे हे अंतर विसरतात.

आणखी एक गोष्ट, बहुतेक जण इथेच चुकतात. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेत मी हवामानाची पेटी पाहिली. खांबावर छोटं पॅनेल, पानावरचा ओलावा मोजून माहिती पाठवते. उघडून दाखवली तर आत बॅटरी! रात्रीचं काय, आभाळाचे चार-चार दिवस काय? उजेडाच्या घड्याळातही चार्ज होणारा छोटा सेल असतोच. सॅमसंगनं 2021 मध्ये टीव्हीचा सोलर रिमोट आणला, त्याच्याही पोटात चार्जेबल बॅटरी आहे. बॅटरी जात नाही, ती सारखी बदलायची कटकट जाते. ग्राहकाला असंच सांगून विका, म्हणजे माल परत येणार नाही.

मग सेलचा स्टँड काढायचा का? मी काढलेला नाही. घड्याळाच्या आणि रिमोटच्या सेलचा खप हळूहळू कमी होईल असं मला वाटतं, म्हणून बटण सेल आता महिन्यापुरतेच भरतो. खेळणी, टॉर्च, वायरलेस माउस यांचे पेन्सिल सेल पूर्वीसारखेच. शिवाय दहा-वीस रुपयांच्या सेलसाठी आलेला माणूस केबलही घेऊन जातो. ते उत्पन्न सेलच्या मार्जिनमध्ये दिसत नाही, पण वहीत दिसतं.

नवीन माल म्हणून सध्या एकच वस्तू ठेवली आहे, बिनसेलची डोअरबेल. बटण दाबलं की आतलं चुंबक कॉइलजवळून सरकतं आणि तेवढ्या विजेवर सिग्नल जातो. घंटा मात्र प्लगवर चालते, लाइट गेली की मुकी. हे मी विकण्याआधीच सांगतो. सहा नग आणले होते, चार गेले, परत एकही आला नाही. पाचवा माझ्या दुकानाच्या शटरला लावलाय, येऊन दाबून बघा.