नोव्हेंबरात लागलेलं पाणी

ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका मुंबईची तहान भागवतो. तानसा आणि भातसा तिथलेच. आणि त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल लागला की टँकरची वाट पाहणं सुरू होतं. मुलुंडच्या एका सोसायटीला याची लाज वाटली, म्हणून तिने गणपतीच्या खर्चाला कात्री लावली आणि वर वर्गणी काढली. तिथल्या एका पाड्यावर बोअर मारून हापसा बसवायचा, असं ठरलं. प्रस्तुत लेखक तेव्हा खजिनदार होता, त्यामुळे पुढच्या फजितीत त्याचा वाटा मोठा आहे.

पैसे जमायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो धर्मादाय कार्यालयाच्या परवानगीला. सार्वजनिक वर्गणीसाठी धर्मादाय कायद्याच्या कलम 41 क खाली ती लागते, हे एका देणगीदाराने विचारलं तेव्हा कळलं. तोवर अर्ध्या पावत्या फाडून झाल्या होत्या.

बोअर मारला नोव्हेंबरात. सगळ्यांना दिवाळीनंतरचा रविवार सोयीचा होता. पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला तो नेमका रस्त्यालगत, गाडी पोहोचेल अशा जागी! योगायोगाचं तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. पांढरा चिखल उडाला, मग पाणी उसळलं, फोटो निघाले, नावांचा संगमरवरी फलक बसला.

एप्रिलमध्ये हापशाचा दांडा नुसताच खडखडत होता.

महाराष्ट्राचा सुमारे 82 टक्के भाग बेसाल्टचा. या कातळात पाणी साठतं ते झिजलेल्या थरात आणि भेगांत. पावसाळा संपताना हे थर भरलेले असतात, मग पाणी उताराने निघून जातं. नोव्हेंबरात लागलेल्या पाण्यावरून मे महिन्याचा अंदाज बांधणं म्हणजे दिवाळीच्या फराळावर वर्षभराचं रेशन ठरवणं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा 1972 पासून राज्यात आहे आणि निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. तिच्या जिल्हा कार्यालयात आधी एक चक्कर मारली असती, तर पाणाड्याची दक्षिणा वाचली असती.

पाड्यावरच्या एका आजींनी मात्र चक्कर न मारताच निदान केलं. "मे महिन्यात का नाही आलात? विहीर दाखवली असती." विहीर खालच्या ओहोळाकाठी होती. एका बाजूचे दगड ढासळलेले, तळाशी गुडघाभर गाळ, कोपऱ्यात करंगळीएवढा झरा. एक मुलगी आत उतरून वाटीने हंडा भरत होती. वाटी भरायची, थांबायचं, पुन्हा वाटी. पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढला, काठ बांधला. बोअरपेक्षा कमी पैशांत झालं.

पाणी लागलं तरी ते तपासल्याशिवाय फलक लावू नये. बांगलादेशात 1970 च्या दशकात जुलाबाच्या साथी टाळायला गावोगाव कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यातल्या कित्येकांच्या पाण्यात आर्सेनिक आहे, हे 1993 मध्ये उघड झालं. मग तपासणी करून विषारी पंपांना लाल आणि बऱ्या पंपांना हिरवा रंग देत फिरावं लागलं. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइडचा त्रास आहे, आणि पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. भारतीय मानक 10500 प्रमाणे लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम ही त्याची शेवटची मर्यादा, नायट्रेटची 45. तपासणीचे पैसे वर्गणीच्या पहिल्याच हिशेबात धरावेत.

दुरुस्तीचेही. देशभर दिसणारा इंडिया मार्क 2 हापसा सोलापुरात घडलेल्या पंपावरून विकसित झाला. तो दणकट आहे, पण वायसर त्याचाही झिजतोच. वायसर स्वस्त असतो. मात्र तो बदलायला आतल्या सळ्यांसकट सगळे पाइप वर ओढावे लागतात, माणूस बोलवावा लागतो. देणगीदार हापशाला पैसे देतो, वायसरला कुणी देत नाही. म्हणून आता ही सोसायटी जमलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा वेगळा काढतं आणि पाड्यावरच्या बायकांची समितीच तो खर्च करते.

जुना फलक अजून तिथेच आहे. उन्हात चांगला तापतो, म्हणून त्याच्या ओट्यावर मोहाची फुलं वाळत घालतात.